चाळीस मीटरवरची जोडी

माणसाला पैसा जास्त झाला की तो आधी घर बांधतो, मग घरात काचेची पेटी बसवतो, तिच्यात खारं पाणी भरतो आणि जगाच्या दुसऱ्या टोकाहून आणलेले मासे त्यात सोडतो. ते मासे मेले की आम्हाला फोन करतो. गेली तीस वर्षं हे फोन मी घेते आहे. "ताई, निळा मासा दोन दिवस उलटा पोहतोय." उलटा पोहत नाहीये साहेब, मेलाय तो.

दुकान आम्हा दोघांचं, दादाचं आणि माझं. पुढे विक्री, मागच्या खोलीत पिल्लं वाढवायच्या पेट्या. दादा त्रेसष्ट वर्षांचा, मी सत्तावन्न. पंप, पाणी, औषधं दादाकडे. गिऱ्हाईक माझ्याकडे, कारण गिऱ्हाइकाशी बोलायला तोंड लागतं, आणि घरातलं सगळं तोंड देवाने माझ्याच वाट्याला दिलं असं वहिनी म्हणते.

या गिऱ्हाइकांचं एक मंडळ आहे, खाऱ्या पाण्याच्या हौशी लोकांचं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त झालेत. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर पेटी आहे आणि दर शनिवारी दादा जाऊन ती धुतो. पंप कुठला आणि हीटर कुठला हे अध्यक्षांना अजून सांगावं लागतं. पण सभेत बोलायला उभे राहिले की समुद्र यांच्याच वडिलांनी खणून घेतला असं वाटावं. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय. तर या मंडळाची एक जाडजूड वही आहे, दर्शनवही. कुठल्या सभासदाने कुठल्या समुद्रात कुठला दुर्मीळ मासा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, ते त्यात लिहितात. फोटो लागतो आणि एक साक्षीदार लागतो. नसला तर नोंदीवर लाल रेघ मारतात आणि बाजूला लिहितात, अमान्य.

वहीच्या पहिल्याच पानावर एक लाल रेघ आहे. एकतीस वर्षं झाली तिला. ती नोंद दादाची.

तेव्हा दादा मासे धरायच्या कामावर होता. लांबच्या समुद्रात, दोन वर्षं. पाठीला सिलिंडर, हातात छोटं जाळं, कमरेला पिशव्या. पेटीत शोभणारे रंगीत मासे जिवंत धरायचे आणि व्यापाऱ्याला द्यायचे. काम संपवून घरी आला तो सांगतच आला, की मी खिडकी पाहिली. खिडकी म्हणजे मासा. काळपट निळा, तळहाताएवढा, आणि कुशीवर एकच पिवळा चौकोन, अंधारात लांबच्या घरात दिवा दिसावा तसा. धंद्यातले लोक त्याला खिडकीच म्हणतात. तो मासा त्या समुद्रात सापडतच नाही असं सगळी पुस्तकं सांगत होती. आणि आमचा दादा म्हणाला, एक नाही, जोडी पाहिली.

"हातात जाळं होतं ना?" मी विचारलं.

"होतं की."

"मग धरला का नाहीस?"

"अगं, खोली किती होती तिथे! चाळीस मीटर. आणि माझ्याकडे..."

"हो का! पाणी खोल आणि थाप त्याहून खोल," मी म्हटलं, आणि सगळं घर हसलं.

मी सव्वीस वर्षांची होते, जिभेला धार होती आणि ती कुठेतरी चालवून बघायची होती. थापाड्या हे नाव मीच ठेवलं. मी गमतीने ठेवलं, बाजाराने उचललं आणि मंडळाने तर डोक्यावर घेतलं. अजूनही पंप बिघडला की लोक फोनवर म्हणतात, "थापाड्याला पाठवा, हात चांगला आहे त्याचा." दादा जातो. या नावावरून तो कधी कुणाशी भांडला नाही. फक्त दर वर्षी मंडळाच्या सभेत शेवटी उठतो आणि म्हणतो, माझ्या नोंदीचा फेरविचार व्हावा. दर वर्षी लोक हसतात. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

खिडकी आता पेट्यांमध्ये तेवढी दुर्मीळ राहिलेली नाही. दोन-चार जणांनी तिची पैदास करून दाखवली. गेल्या वर्षी मीसुद्धा मागच्या खोलीत चार पिल्लं वाढवली. रोज पेन्सिलीने काचेवर तीन टिचक्या, टक टक टक, की चौघं धावत पुढे. त्यातल्या एकाच्या डाव्या कल्ल्यावरचं झाकण बाहेर वळलेलं होतं, पुस्तकाचं पान दुमडावं तसं. पेटीत वाढलेल्या माशांचं होतं तसं कधी कधी. बाकीचे तीन पटकन विकले गेले, हा मागे राहिला. शेवटी एका दलालाला दिला, पिशवीत ऑक्सिजन भरून पाठवला आणि विसरून गेले. पण पेटीत पाहणं वेगळं आणि समुद्रात पाहणं वेगळं. दर्शनवहीत पेटीला किंमत नाही.

तर या वर्षी अध्यक्षांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. दादाच्याच त्या समुद्रातल्या एका हॉटेलाची जाहिरात. 'दुर्मीळ खिडकी मासा त्याच्या घरी जाऊन पाहा. खात्रीचं दर्शन.' खात्रीचं! समुद्रात खात्रीची एकच गोष्ट असते, पाणी खारट. पण अध्यक्ष स्वतःच्या पायांनी दुकानात आले, जे एरवी कधी घडत नाही.

"चला," ते म्हणाले, "मंडळातर्फे मोहीम काढतोय. मोहीमप्रमुख मी. तुम्ही एक फोटो काढा, एक साक्षीदार आणा. तो मासा त्या समुद्रात आहे हे सिद्ध झालं की तुमची लाल रेघ मी स्वतःच्या हाताने खोडतो. पहिलं दर्शन तुमच्या नावावर."

दादाच्या हातात ओला स्पंज होता. तो पिळायचा राहिला आणि पाणी त्याच्या बुटावर गळत राहिलं. मला राग आला. अध्यक्षांचा तर आलाच, दादाचाही आला. माणसाने एकाच गोष्टीची एवढी आस धरून बसू नये, आणि बसलाच तर चार लोकांत चेहऱ्यावर दिसू देऊ नये.

त्याच्या डाव्या कानाचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "एक बुडी. एकच. पंधरा मीटरच्या खाली जायचं नाही. आणि वर आलात की जन्मभर पोहायच्या तलावातसुद्धा डोकं बुडवायचं नाही. कबूल असेल तर जा." दादाला एवढा आनंद झाला की जणू बक्षीस लागलं.

"वन्सं, तुम्ही जा बरोबर," वहिनी मला म्हणाली. "मी गेले तर मीच त्यांना तिथे बुडवून येईन."

मला बुडी मारायला दादानेच शिकवलं, विशीत. शहरातल्या सार्वजनिक मत्स्यालयाच्या मोठ्या टाकीच्या काचा आतून घासायचं काम अजून वर्षातून चारदा माझ्याकडे असतं. तेव्हा साक्षीदार म्हणून मीच ठरले. अध्यक्षांना ते फारसं रुचलं नाही, पण मंडळात पाण्याखाली जाऊ शकणारी माणसं मोजून तीन. तिसऱ्याचं गुडघ्याचं दुखणं निघालं.

एक विमान, दुसरं विमान, मग तीन तास लाँच. अध्यक्षांच्या चार बॅगा होत्या आणि त्यातली एकही त्यांनी उचलली नाही. हॉटेलात आणखी वीसेक जण खिडकी पाहायला आलेले. रात्री जेवताना प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता, तुमच्या बुड्या किती झाल्या. एक म्हणाला दोनशे, दुसरा म्हणाला तीनशे दहा. तीनशे दहावाल्याला मी विचारलं, मासा झोपतो कुठे? तो म्हणाला, मासे झोपत नाहीत. जय हो. ही माणसं समुद्रात जातात ती समुद्र बघायला नाही, आपण समुद्र बघितला हे सांगायला. दादा एका कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या रबराला तेल लावत बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही की त्याच्या बुड्या चार हजारांच्या वर आहेत.

सकाळी होडीवर गाईडने सूचना दिल्या. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, नाकाला पांढरं मलम. "मासा लाजाळू आहे. तीन मीटर लांब राहा. दगडाखाली कपार आहे, तिथे दिसेल. खोली बारा मीटर."

"बारा?" दादा म्हणाला. "खिडकी बाराला?"

"इथे येते साहेब. इथला प्रवाह वेगळा आहे."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी बुटाचा पट्टा ओढत बसले. म्हटलं, बाबा रे, एकतीस वर्षांनी ताट समोर आलंय, आता त्यात खडे शोधू नकोस.

अध्यक्ष आमच्या आधी तयार झाले होते. अंगावर सगळं नवंकोरं. पायातल्या पंख्यांना दुकानाची किमतीची चिठ्ठी लटकत होती, ती काढायची राहिली होती. पाण्यात उडी मारली, तीन मीटर गेले, कान दुखला आणि हातपाय झाडत वर आले. "प्रवाह फार आहे," म्हणाले. प्रवाह? पाणी बशीत ओतल्यासारखं स्थिर होतं. नाचता येईना अंगण वाकडं. "तुम्ही जा," ते होडीला धरून म्हणाले, "मी इथून लक्ष ठेवतो." उंटावरून शेळ्या हाकायची जन्मभराची सवय, पाण्यात तरी कशी सुटणार?

आम्ही तिघं खाली गेलो, पुढे गाईड, मग दादा, मागे मी.

जमिनीवर दादा जिना चढताना कठडा धरतो. पाण्यात गेल्यावर तो पाय हलवतोय हेसुद्धा कळत नाही. त्याला तसा पाहून मला वीस वर्षांनी आठवलं की हा माणूस एके काळी यात सगळ्यात चांगला होता. हे मी त्याला कधी म्हटलं नव्हतं.

कपार आली. गाईडने बोट दाखवलं. आत काही नाही. दादा वाळूवर गुडघे टेकून, कॅमेरा छातीशी धरून बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी इकडेतिकडे बघत होते तर कपारीच्या तोंडाशी एका दगडाला निळ्या जाळीचा तुकडा बांधलेला दिसला, गाठ मारून. माझ्या मनात काहीतरी खटकलं, पण मी ते मागे सारलं. मला त्या क्षणी एकच हवं होतं. तो मासा बाहेर यावा, दादाने फोटो काढावा आणि ती मेली लाल रेघ जावी. वेळ संपत आली होती. दादाचं लक्ष माझ्याकडे जावं म्हणून मी हातातल्या लोखंडी सळईने माझ्या सिलिंडरवर वाजवलं. सवयीने तीनदाच. टक टक टक.

दादाने मान वळवायच्या आत कपारीतून खिडकी बाहेर आली.

गाईडकडे नाही, दादाकडे नाही. सरळ माझ्याकडे आली, माझ्या मास्कच्या काचेसमोर उभी राहिली आणि तोंड उघडमीट करायला लागली. काळपट निळं अंग, कुशीवर पिवळा चौकोन. डाव्या कल्ल्यावरचं झाकण बाहेर वळलेलं. मी काही दिलं नाही तशी ती उजवीकडे गेली, दोन फूट, आणि वळली. डावीकडे दोन फूट, आणि वळली. पुन्हा उजवीकडे दोन फूट. चहूकडे अख्खा समुद्र मोकळा, आणि ती माझ्या मागच्या खोलीतल्या पेटीची काच जिथे होती तिथे वळत होती.

दादाच्या कॅमेऱ्याचा उजेड दोनदा चमकला. मग त्याने कॅमेरा खाली घेतला आणि माशाचं जाणंयेणं बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी हवेचा काटा बघायला लागले, जसं काही मला तो वाचताच येत नाही.

वर येताना मी ठरवून टाकलं. गाईड बोलणार नाही, त्याचं पोट आहे त्यावर. अध्यक्षांना मासा आणि मिशी यातला फरक कळत नाही. उरलो आम्ही दोघं. आणि मला खिडकी ओळखता आली म्हणून दादालाही आलीच असेल असं थोडंच आहे? त्याने ती पिल्लं फारशी हाताळलीही नव्हती. मी मनाला असं समजावलं आणि मन समजलं.

होडीच्या शिडीवर अध्यक्ष हात पुढे करून उभेच. "मिळाला?"

"मिळाला!" मी ओरडले. "चांगला पाच मिनिटं समोर होता. या डोळ्यांनी पाहिला. साक्षीदार मी, कुठे सही करू सांगा!"

आयुष्यभर त्याला थापाड्या म्हटलं आणि आमच्या घराण्यातली पहिली सणसणीत थाप मी मारली. डोळासुद्धा लवला नाही माझा.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. दादा फळीवर बसला, मास्क काढला, डाव्या कानावर तळहात दाबून धरला. बराच दुखत असणार.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"तो समुद्रातला नाही. आमच्या मागच्या खोलीतला आहे. हिने वाढवलाय."

"काहीतरीच काय साहेब!" गाईड म्हणाला. "पिढ्यान् पिढ्या इथेच..."

"डाव्या कल्ल्याचं झाकण वळलंय," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही, शनिवारी पेटी धुताना बोलतो तसाच बोलला. "दोन फुटांवर वळतो. आणि हिने टकटक केल्यावर खायला आला. समुद्रातला मासा टकटक ऐकून पळतो. रात्री जाळी लावून कोंडता ना त्याला? गाठ दिसली मला."

गाईड नाकावरचं मलम पुसायला लागला. खाई त्याला खवखवे. अध्यक्ष मात्र दादाच्या शेजारी फळीवर सरकून बसले.

"ते झाकण फोटोत दिसतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकात दिसतंय. एकात उजवी बाजू आहे."

"अहो मग झालं तर! उजव्या बाजूचा लावू. कोण बघतंय? मोहीम यशस्वी, तुमची रेघ खोडली, मंडळाचं नाव झालं. बारक्या गोष्टीचा कीस कशाला काढायचा?"

हे बोलणारा माणूस एकतीस वर्षं दर सभेत पुराव्यावर भाषण देत आलाय. पुरावा, शिस्त, मंडळाची परंपरा! माझ्या जिभेवर एक अस्सल शिवी आली होती. पण माझ्या तोंडून काय निघालं?

"दादा," मी म्हटलं, "घे ना रे. पुन्हा बुडी नाही मिळणार तुला."

त्याने कॅमेरा मांडीवर घेतला. बटण दाबून एक फोटो काढून टाकला, मग दुसरा. अध्यक्षांनी हात पुढे केला होता तो तसाच राहिला.

"मग तुमची जुनी नोंद आहे तशीच राहणार," ते म्हणाले. आवाज एकदम दवाखान्यातला झाला, पुढचा पेशंट पाठवा म्हणणारा. "मला नाइलाज आहे."

"राहू द्या," दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "छोटे, पोट आत गेलंय त्याचं, पाहिलंस ना? त्याला इथे काय खायचं ते माहीत नाही. जा, घेऊन ये."

गाईड पुढे आला. मासा हॉटेलचा आहे म्हणाला, मालकांना विचारावं लागेल म्हणाला. बरं झालं तो पुढे आला. माझं सकाळपासूनचं सगळं साठलं होतं, ते कुठेतरी ओतायला जागा हवीच होती.

"विचार की! बोलव मालकाला," मी म्हटलं. "जेवणाच्या वेळी बोलव, वीस माणसं असतात तेव्हा. मी मधोमध खुर्चीवर उभी राहते आणि सगळ्यांना सांगते, की लाजाळू मासा माझ्या पेन्सिलीला ओळखतो. तीनशे दहा बुड्यावाल्याला जवळ बसव, त्याला फार आवडेल. खात्रीचं दर्शन म्हणे! लाज नाही वाटत? पेटीतलं लेकरू समुद्रात आणून बांधलंत आणि वर तीन मीटर लांब राहायला सांगतोस?"

त्याने मुकाट्याने मला नवा सिलिंडर, जाळं आणि मोठी पिशवी दिली.

मी एकटीच खाली गेले. जाळं लागलंच नाही. तीन टिचक्या मारल्या आणि तो वेडा पिशवीत स्वतःहून शिरला. पिशवीचं तोंड बांधलं आणि वर निघाले.

खोल पाण्यातून मासा वर आणायचा तर घाई चालत नाही. वर यावं तसा पाण्याचा दाब कमी होतो आणि माशाच्या पोटातली हवा फुगते. एकदम आणला तर पोट फुगून मरतो. म्हणून थोडं यायचं, थांबायचं, त्याला सावरू द्यायचं, मग पुन्हा थोडं. धंद्यातला हा पहिला धडा आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला मी तो फुकट शिकवते. नऊ मीटरवर मी थांबले तर खिडकीचं शेपूट वर व्हायला लागलं होतं. मीटरभर खाली गेले, तो सरळ झाला. दहा मिनिटं थांबले. पुन्हा दोन मीटर वर, पुन्हा थांबले. पिशवी छातीशी धरून दोरीला लटकलेली मी, आणि पिशवीत तो माझ्याकडे तोंड करून खायला मागतोय. जेमतेम बारा मीटर पाणी, आणि पाऊण तास झाला तरी मी अजून चारवरच.

बाराला एवढा वेळ लागतो. मग चाळीसला?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि मी तिथेच, चार मीटरवर, गार पडले. चाळीसवरून आणायचा तर तीन तास लागले असते, चार लागले असते. आणि चाळीस मीटरवर एक सिलिंडर किती पुरतो? तिथे माणूस हवा पीत नाही, ढोसतो. जाळं हातात होतं मग धरला का नाहीस, हे मी विचारलं होतं. मी, जिचं सगळं पोट याच धंद्यावर भरलं. एकतीस वर्षं हा धडा रोज लोकांना शिकवला आणि एकदाही तो आपल्या भावाला लावून बघितला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पाण्याखाली रडलं तर मास्क आतून भरतो, तेही मी नवशिक्यांना सांगते. माझा भरला.

होडीवर आले तेव्हा अध्यक्ष पाठ करून मोबाइलला रेंज शोधत होते. दादाच्या डाव्या कानात कापूस होता. मी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि उजव्या बाजूला जाऊन बसले, ऐकू जावं म्हणून.

"दादा, त्या दिवशी खाली किती हवा उरली होती तुझ्याकडे?"

कुठल्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही.

"आठ मिनिटांची," तो म्हणाला. "एक धरला असता तर तो वाटेत मेला असता आणि दुसरा खाली राहिला असता. म्हणून नुसता बघितला दोघांना. त्यांनी काही माझ्याकडे बघितलं नाही."

"अरे, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो की," दादा म्हणाला. "तू हसायला लागलीस."

तो चिडून म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने आपली टोपी काढली, पिशवीवर ऊन येत होतं तिथे सावलीला धरली आणि माशाचं शेपूट सरळ आहे ना ते बघत बसला.